आठ आठवड्यांचे पोलीस: जॉर्डनमध्ये घडवलेल्या इराकी शिपायांचं प्रकरण

५ जुलै २००३. बगदादच्या पश्चिमेला रमादी शहरात अमेरिकी सैनिकांच्या देखरेखीखाली शिकलेली इराकी पोलिसांची एक तुकडी प्रशिक्षण संपवून बाहेर पडली, आणि रस्त्यातच त्यांच्यात बॉम्ब फुटला. सात जण जागीच गेले. बगदाद पडून तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते.

लष्करी ताब्यातल्या देशात नवे पोलीस घडवायचे कुठे, हा प्रश्न या स्फोटाने ऐरणीवर आणला. इराकमध्ये त्याचं उत्तर निघालं ते शेजारच्या देशात. या लेखात ते उत्तर कसं निघालं, अमलात कसं आलं आणि शेवटी हाती काय लागलं हे मांडलं आहे. सार्वजनिक पदांवरची माणसं नावानिशी येतील. शिपायांची आणि प्रशिक्षकांची नावं कुठेही येणार नाहीत. ज्या देशात पोलीस तोंडाला कापड गुंडाळून नाक्यावर उभे राहत होते, त्या देशातल्या शिपायाचं नाव छापण्यात काही शहाणपण नाही.

पार्श्वभूमी

९ एप्रिल २००३ रोजी बगदाद पडलं. त्या दिवशी शहरातले पोलीस गणवेश काढून घरी गेले. पुढचे काही दिवस जी लुटालूट झाली तीत पोलीस ठाणीही सुटली नाहीत. गाड्या गेल्या, हत्यारं गेली, भिंतीतल्या विजेच्या ताराही उपसून नेल्या. यातलं सगळ्यात महागात पडलेलं नुकसान कागदांचं होतं. गुन्हेगारांच्या नोंदी जळाल्या किंवा गायब झाल्या. त्यातच सद्दाम हुसेन यांनी ऑक्टोबर २००२ मध्ये सार्वत्रिक माफी देऊन तुरुंग रिकामे केले होते. म्हणजे चोर-दरोडेखोर बाहेर आणि त्यांच्या नोंदी राखेत. नव्या भरतीत उमेदवाराची चारित्र्य पडताळणी करायची म्हटलं तर पडताळायचं कशाशी?

जुने पोलीसही फारसे भरवशाचे नव्हते. सद्दामच्या राज्यात गुप्तहेर खाती आणि पक्षाच्या सुरक्षा यंत्रणा वरच्या पायरीवर, साधा पोलीस अगदी तळाशी. त्याचं काम ठाण्यात बसून राहायचं, कुणी आलं तर ऐकायचं आणि जमलं तर चिरीमिरी घ्यायची. गस्त नाही, तपासाची सवय नाही. अधिकारी पोलीस कॉलेजातून शिकून येत. शिपायांच्या शिक्षणाचा मात्र आनंदच होता.

आता कायद्याची बाजू. १९०७ च्या हेग नियमावलीचं ४३ वं कलम सांगतं की परक्या भूमीचा ताबा घेणाऱ्या सत्तेने तिथली सार्वजनिक सुव्यवस्था पुन्हा बसवायची आणि टिकवायची, तीही शक्यतो तिथलेच कायदे पाळून. २२ मे २००३ च्या सुरक्षा परिषदेच्या १४८३ क्रमांकाच्या ठरावाने अमेरिका आणि ब्रिटन या ताबा घेणाऱ्या सत्ता आहेत हे नोंदवलं. त्यामुळे बगदादच्या चौकात कोण उभं राहणार, हा प्रश्न अमेरिकेने नेमलेल्या पॉल ब्रेमर यांच्या हंगामी प्रशासनाच्या गळ्यात पडला. याच प्रशासनाने मे महिन्यात सद्दामच्या बाथ पक्षाच्या वरच्या लोकांना सरकारी नोकरीतून काढलं आणि आठवड्याभरात सैन्यही बरखास्त केलं. पोलीस दल बरखास्त झालं नाही. वरची फळी मात्र कापली गेली.

इथे थोडं मागे जायला हवं, कारण या भागात परकीय ताब्यातली पोलीस व्यवस्था पहिल्यांदा उभी राहिली ती आपल्याकडच्या नमुन्यावर. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी बसरा घेतलं ते हिंदुस्थानातून गेलेल्या फौजेच्या बळावर. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकून एप्रिल १९१६ मध्ये शरण गेलेली सहावी पुणे डिव्हिजन तीच. तिच्यात मराठा पलटणी होत्या. सैन्यामागोमाग बसऱ्यात हिंदुस्थानातले पोलीस आले आणि १९१५ साली हिंदुस्थानी कायद्यांवर बेतलेली संहिताही लागू झाली. तेव्हा साहेबाने आपले पोलीस परदेशी नेले. २००३ मध्ये गंगा उलटी वाहिली आणि तिथल्या पोरांनाच परदेशी पाठवायचं ठरलं.

अडचण

मे २००३ मध्ये अमेरिकी न्याय खात्याच्या तज्ज्ञांचं पथक बगदादला जाऊन पाहणी करून आलं. त्यांचं म्हणणं होतं की ६,६०० हून अधिक आंतरराष्ट्रीय पोलीस सल्लागार लागतील. ठाण्याठाण्यात बसून, गस्तीला सोबत जाऊन, चूक तिथल्या तिथे दाखवणारी माणसं. या शिफारशीचं पुढे काय झालं, यातच सगळ्या प्रकरणाची किल्ली आहे असं मला वाटतं. ती मान्य झाली नाही. खर्च मोठा होता, इतके पोलीस द्यायला कोणता देश तयार होईल हे माहीत नव्हतं, आणि वॉशिंग्टनमध्ये तेव्हा हवा अशी होती की सहा महिन्यांत सगळं आटोपून निघायचं आहे. पुढच्या वर्षभरात सल्लागारांची संख्या काही शेकड्यांपलीकडे गेली नाही.

उन्हाळ्यात या कामाची सूत्रं न्यूयॉर्कचे माजी पोलीस आयुक्त बर्नार्ड केरिक यांच्याकडे होती. सोबत मोजकी माणसं. मे महिन्यात आले, सप्टेंबरच्या सुरुवातीला परत गेले. जुन्या पोलिसांना परत बोलावणं, ठाणी उघडणं, गाड्या रस्त्यावर आणणं ही कामं झाली. प्रांतोप्रांतीच्या लष्करी तुकड्यांनीही आपापल्या परीने पोलीस भरले. कुठे आठवड्याचं प्रशिक्षण, कुठे तीन दिवसांचं, कुठे नुसताच दंडाला पट्टा. भरतीच्या आकड्याला वरून मागणी होती आणि खालून तो पुरवला जात होता. सैन्य बरखास्त झाल्याने लाखो पुरुष बेकार होते, त्यामुळे उमेदवारांना तोटा नव्हता.

या गर्दीत नीट शिकवलेले, नवे, मूळ प्रशिक्षण पूर्ण केलेले शिपाई हवे होते. ठरलेला आकडा होता बत्तीस हजार.

समोर काय काय पर्याय होते

बगदादमधली पोलीस अकादमी दुरुस्त करून तिथेच शिकवायचं, हा सरळ मार्ग. स्वस्त पडला असता, प्रशिक्षकांमध्ये इराकी अधिकारी घेता आले असते आणि शिकता शिकता पोरांना गावचीच गस्त करवता आली असती. पण एका वेळी हजारोंना सामावून घेईल अशी जागा नव्हती आणि रमादीचा स्फोट सगळ्यांच्या डोक्यात होता. ही भीती खोटी नव्हती. पुढे फेब्रुवारी २००४ मध्ये इस्कंदरियाच्या ठाण्यासमोर, सप्टेंबर २००४ मध्ये बगदादच्या हैफा रस्त्यावर, फेब्रुवारी २००५ मध्ये हिल्ला इथे भरतीसाठी आलेल्यांच्या गर्दीत गाड्या फुटल्या. एकट्या हिल्लात शंभराहून जास्त माणसं गेली.

दुसरा पर्याय हंगेरीचा. ऑगस्ट २००३ मध्ये केरिक यांनी सुमारे २८ हजार इराकींना तिथे पाठवण्याचा बेत बोलून दाखवला. हंगेरीतल्या तासार तळावर त्याच वर्षाच्या सुरुवातीला परागंदा इराकींना लष्करी प्रशिक्षण दिलं गेलं होतं, त्यामुळे जागा ओळखीची होती. पण बसऱ्याच्या शेतकऱ्याच्या पोराला मध्य युरोपात नेऊन पोलीसगिरी शिकवायची ही कल्पना कागदावरही अवघडल्यासारखी दिसते. काही आठवड्यांत ती बारगळली.

जर्मनीने इराकमध्ये माणसं पाठवायला नकार दिला होता, पण बाहेर शिकवायची तयारी दाखवली. त्यातून २००४ मध्ये संयुक्त अरब अमिरातीत काही इराकी पोलिसांचं प्रशिक्षण झालंही. काम चांगलं, पण आकडा छोटा.

आणि चौथा, जॉर्डन. भाषा अरबी, सरकार स्थिर, अमेरिकेशी जुने संबंध, बगदादहून थेट महामार्ग. जॉर्डनच्या बाजूने पाहिलं तर निर्णय तितका सोपा नव्हता. ७ ऑगस्ट २००३ रोजी बगदादमधला त्यांचा दूतावास उडवण्यात आला होता. सद्दामबद्दल तिथल्या रस्त्यावर सहानुभूती होती. त्याच्या मुलींना त्याच उन्हाळ्यात अम्मानमध्ये आश्रय मिळाला होता. आणि आता त्याच अम्मानच्या वेशीवर सद्दामनंतरच्या इराकचे पोलीस घडणार होते. राजा अब्दुल्ला यांनी होकार दिला.

ब्रेमर प्रशासनानेच नेमलेल्या इराकी नियामक परिषदेतल्या काही सदस्यांनी उघड नाराजी दाखवली. इतका पैसा जॉर्डनमध्ये ओतण्यापेक्षा थोडक्या खर्चात हे काम घरीच होईल, असं त्यांचं म्हणणं. पण ताबा घेणाऱ्या सत्तेची तिजोरी तिचीच आणि निर्णयही तिचाच. या परिषदेला विचारलं असतं, किमान अभ्यासक्रमापुरतं तरी, तर पुढच्या काही चुका टळल्या असत्या.

मुवक्करचं केंद्र

अम्मानच्या आग्नेयेला मुवक्करच्या उजाड माळावर केंद्र उभं राहिलं आणि नोव्हेंबर २००३ च्या अखेरीस सुमारे पाचशे जणांची पहिली तुकडी दाखल झाली. बांधकाम चालूच होतं. पूर्ण क्षमता एका वेळी तीन हजारांची. पंधरा-सोळा देशांतले प्रशिक्षक आले: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रिया, स्वीडन, फिनलंड, शिवाय यजमान जॉर्डनचे. इतक्या कमी वेळात इतका मोठा गाडा उभा करणं हे काम सोपं नव्हतं, आणि ते झालं. या प्रकरणावर टीका करणारे बहुतेक जण ही गोष्ट घाईघाईने ओलांडून जातात.

कालावधी आठ आठवडे. आपल्याकडे महाराष्ट्रात पोलीस शिपायाचं मूळ प्रशिक्षण नऊ महिन्यांचं असतं, आणि तरीही ठाण्यातले जुने हवालदार नव्या पोराला म्हणतात, खरं शिक्षण आता सुरू. आठ आठवड्यांची विभागणी साधारण निम्मी वर्गातली, म्हणजे मानवी हक्क, लोकशाहीतली पोलिसी, कायदा. आणि निम्मी मैदानावरची: झडती, बेड्या, नाकाबंदी, हत्यार.

त्यातही वर्गातला तास निम्माच हाती लागायचा. प्रशिक्षक इंग्रजीत एक वाक्य बोलणार, दुभाषा ते अरबीत सांगणार. मागच्या बाकावरून प्रश्न आला की तो अरबीतून इंग्रजीत, मग उत्तर पुन्हा अरबीत. पाऊण तासाच्या तासात मूळ मजकूर वीस-पंचवीस मिनिटांचा. दुभाषे अरबी चांगलं जाणत, पण ‘वाजवी संशय’ आणि ‘सबळ पुरावा’ यांतला फरक पकडायला भाषेबरोबर कायदाही कळावा लागतो.

अभ्यासक्रम आला होता कोसोवोहून. १९९९ च्या युद्धानंतर तिथे युरोपातल्या सुरक्षा आणि सहकार्य संघटनेने (ओएससीई) चालवलेली पोलीस शाळा यशस्वी ठरली होती, म्हणून तिचाच साचा उचलला. मोठी गफलत झाली ती इथे, आणि दोन ठिकाणी.

पहिली कायद्याची. इराकची फौजदारी प्रक्रिया १९७१ च्या कायद्याने चालते. तीत तपासाची सूत्रं तपास न्यायाधीशाकडे असतात. पोलीस त्याच्या हुकमाने काम करतो. वर्गात शिकवणारे अनेक जण अशा व्यवस्थेतून आलेले की जिथे पोलीस अधिकारीच तपास उभा करतो. आपल्याकडच्या पंचनाम्याची रीत जपानच्या पोलिसाला शिकवावी तसा हा प्रकार. शिकवण चुकीची नसते, पण ठाण्यात गेल्यावर तिचा उपयोग कुणाला कळत नाही.

दुसरी गफलत परिस्थितीची. कोसोवोत लढाई थांबलेली होती. संशयास्पद गाडी थांबवायची साधी गोष्ट घ्या. शांत शहरातल्या शिपायाला शिकवतात की चालकाच्या खिडकीपाशी थोडं मागे उभं राहा, नमस्कार कर, कागद माग, हातांकडे लक्ष ठेव. सगळी खबरदारी आतल्या माणसापासून. २००४ च्या बगदादमध्ये गाडी हाच बॉम्ब होता. चालकाच्या दारापर्यंत पोचणं म्हणजेच उशीर झालेला. अशा ठिकाणी गाडी दूर थांबवायची, माणसाला उतरवून चालत आणायचं, आपण भिंतीमागे राहायचं. हे लक्षात आल्यावर पुढे अभ्यासक्रम बदलला. बॉम्ब ओळखणं, ठाण्याचा बचाव, स्वतः जिवंत राहणं हे विषय वाढले आणि २००५ मध्ये कालावधी दहा आठवड्यांचा झाला. पण तोवर तुकड्यांमागून तुकड्या बाहेर पडून गेल्या होत्या.

कोसोवोच्या साच्याचा उरलेला अर्धा भाग तर आणलाच गेला नाही. तिथे शाळा संपली की नवा पोलीस संयुक्त राष्ट्रांच्या पोलिसांबरोबर कित्येक आठवडे उमेदवारी करायचा. त्या आंतरराष्ट्रीय दलात हजारो पोलीस होते, भारतातलेही होते, आणि त्यांना अटकेचे अधिकार होते. शाळा ही निम्मी गोष्ट. उरलेली निम्मी रस्त्यावर, अनुभवी माणसाच्या शेजारी. इराकमध्ये ती जागा त्या ६,६०० सल्लागारांनी घ्यायची होती. ते आलेच नाहीत, आणि शाळा एकटीच उरली.

कोण आलं होतं शिकायला

उमेदवार निवडले जात इराकमध्ये, आणि मुवक्करला पोचत ते यादीसकट. यादी कधी लष्करी तुकडीने केलेली, कधी स्थानिक पोलीसप्रमुखाने, कधी पक्षाच्या किंवा टोळीच्या वजनदार माणसाने. नोकरीसाठी पैसे मोजावे लागतात ही तक्रार सर्रास होती. अमेरिकेच्या परराष्ट्र आणि संरक्षण खात्यांच्या महानिरीक्षकांनी जुलै २००५ च्या संयुक्त पाहणीत स्पष्ट नोंदवलं की भरती आणि पडताळणी कच्ची आहे. येणाऱ्यांत निरक्षर आहेत, शारीरिकदृष्ट्या अपात्र आहेत, गुन्हेगारी पार्श्वभूमीचेही आहेत.

निरक्षर शिपायाला मानवी हक्कांवरची पुस्तिका वाटायची, हे दृश्य डोळ्यांसमोर आणून पाहा. पण त्याच्याहून अवघड प्रश्न दाखल झालेल्याला परत पाठवण्याचा होता. आठशे-नऊशे किलोमीटरवरून आलेल्या माणसाला नापास केलं की त्याची जागा रिकामी, आणि तुकडीचा आकडा कमी. आकडा हा तर दर आठवड्याला वर कळवायचा विषय. वॉशिंग्टनच्या पत्रकार परिषदांमध्ये ‘प्रशिक्षित पोलीस’ हा एकच रकाना असायचा. तो वाढतोय की नाही, एवढंच विचारलं जायचं.

परतीची वाट

दीक्षांत संचलन झालं की नवा शिपाई बंदोबस्ताविना आपल्या गावी परतायचा. इराकची वाट त्रेबिलच्या सीमेवरून, रुत्बामार्गे, अन्बारच्या वाळवंटातून जाते. नोव्हेंबर २००४ मध्ये जॉर्डनहून प्रशिक्षण घेऊन परतणारे पोलीस रुत्बाच्या हॉटेलात उतरले असताना सशस्त्र माणसांनी येऊन त्यांना पळवून नेलं. त्याआधी महिनाभर, ऑक्टोबरमध्ये, किर्कुशच्या तळावरून रजेवर निघालेल्या नव्या सैनिकांच्या मिनीबस अडवून जवळजवळ पन्नास जणांना ठार मारण्यात आलं होतं. ते सैन्याचे होते, पोलीस नव्हते, पण चूक तीच: बिनहत्यारी, बिनबंदोबस्त, ठरलेल्या वाटेने.

शाळा परदेशी नेली ती सुरक्षेसाठी. वर्गात पोरं सुरक्षित होतीच. धोका सरकून भरतीच्या रांगेत आणि घरच्या वाटेवर गेला, आणि या दोन्ही जागा इराकमध्येच होत्या. योजना आखताना वर्गाचा नकाशा सविस्तर काढला, रस्त्याचा काढला नाही.

गावी पोचला तर पुढे काय? ठाण्यात त्याच्या वाट्याला हत्यार असेल याची खात्री नाही, बिनतारी संच नाही, चिलखत नाही. ठाणे अंमलदार जुन्या वळणाचा. त्याला या पोराच्या आठ आठवड्यांचं कौतुक नाही, उलट ‘अमेरिकनांनी शिकवून पाठवलेला’ म्हणून संशय. वर्गात ऐकलेलं ‘कबुलीसाठी मारू नका’ इथे बोलून दाखवलं तर हसं व्हायचं. दहा जुन्यांच्या ठाण्यात एक नवा शिपाई गेला की दोन महिन्यांत अकरावा जुना तयार होतो. पोलीस खात्यात कुठेही नोकरी केलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

परिणाम

एप्रिल २००४ मध्ये शिया धर्मगुरू मुक्तदा अस्सद्र यांच्या मेहदी सेनेने दक्षिणेत आणि बगदादच्या पूर्व भागात उठाव केला, त्याच सुमारास फलुजा पेटलं. अनेक ठिकाणी पोलीस ठाणी सोडून गेले, काही जण दुसऱ्या बाजूला मिळाले. नोव्हेंबर २००४ मध्ये मोसुलचं पोलीस दल एक-दोन दिवसांत कोसळलं. यात जॉर्डनला शिकलेले किती आणि दंडाला पट्टा बांधून भरलेले किती, हे वेगळं करता येईल अशी नोंदच नव्हती. गृह मंत्रालयाला शिकून आलेल्यांपैकी किती कामावर आहेत, किती सोडून गेले, किती मेले हे सांगता येत नव्हतं. पगारपत्रकावर नावं होती. नावामागे माणूस असेलच असं नाही. हत्यारांचीही तीच तऱ्हा. २००७ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षकांनी सांगितलं की इराकी दलांना दिलेल्या सुमारे १ लाख १० हजार रायफली आणि ८० हजार पिस्तुलांचा हिशेब लागत नाही.

मधल्या काळात सूत्रं हलली. मे २००४ च्या अध्यक्षीय आदेशाने इराकी पोलीस उभे करण्याची जबाबदारी अमेरिकी लष्कराकडे गेली, जॉर्डनचं केंद्र मात्र परराष्ट्र खात्याच्या यंत्रणेकडेच राहिलं. म्हणजे शाळा एकाची, ठाणं दुसऱ्याचं, आणि २८ जून २००४ ला ताबा कागदोपत्री संपल्यावर भरती तिसऱ्याची, इराकी मंत्रालयाची. तीत २००५ पासून पक्षीय सेनांची माणसं घुसली. नोव्हेंबर २००५ मध्ये बगदादच्या जादिरिया भागातल्या मंत्रालयाच्या तळघरात छळ झालेले सुमारे १७० कैदी सापडले. त्यामागची माणसं विशेष पथकांतली होती, मुवक्करचे शिपाई नव्हेत. पण सामान्य बगदादकराला गणवेश एकच दिसतो.

डिसेंबर २००६ मध्ये इराकच्या गृहमंत्र्यांनी सांगितलं की २००३ पासून १२ हजार पोलीस मारले गेले आहेत. या आकड्यापुढे ‘पळून गेले’ हा शब्द जपून वापरावा लागतो. उमेदवारांची रांग या सगळ्या काळात आटली नाही. बॉम्ब फुटल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच फाटकाशी पोरं पुन्हा उभी राहायची. पोटासाठी, काही जण आणखी कशासाठी.

केंद्रातून तीस हजारांहून अधिक इराकी शिकून बाहेर पडले. २००७ च्या सुरुवातीला इराकींचं प्रशिक्षण तिथे थांबलं.

काय वेगळं करता आलं असतं

‘जॉर्डन चुकलं, बगदाद हवं होतं’ असं म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. बगदादमध्ये बांधलेल्या पोलीस कॉलेजची गोष्ट आठवा. सुमारे साडेसात कोटी डॉलरचं काम, आणि २००६ मध्ये पाहणी करणाऱ्यांना वसतिगृहाच्या छतांतून मैला ठिबकताना दिसला. घरचं असलं म्हणून ते आपोआप चांगलं होत नाही. २००३ च्या शरद ऋतूत मोठ्या शाळेसाठी जॉर्डन निवडणं हा उपलब्ध पर्यायांत बरा निर्णय होता, असं माझं मत आहे.

पण त्या एका निर्णयाच्या मागे-पुढे दोन निर्णय घ्यायला हवे होते. मागचा, निवडीचा. कागद जळालेले असतील तर पडताळणी माणसांकडून करावी लागते: मोहल्ल्यातले जाणते, शाळामास्तर, दोन वेगवेगळ्या गटांचे जामीन. वेळ लागतो. त्यासाठी तुकडी पाचशेची नको, दोनशेची हवी होती, आणि मुवक्करच्या प्रशिक्षकांना नापास करायचा अधिकार वापरता यायला हवा होता.

पुढचा निर्णय ठाण्याचा. एका गावची पोरं एकाच तुकडीत पाठवायची, सोबत त्यांचा होणारा अंमलदारही, आणि परत आणायचं ते सगळ्यांना एकदम, बंदोबस्तात, हत्यारांसह. मग ठाण्यात एक नवा आणि दहा जुने हे गणित उलटं होतं. त्यांच्या शेजारी वर्षभर बसेल असा सल्लागार मिळाला नसता तर शाळेचा वेग कमी करायचा, कारण सल्लागार किती आहेत यावरून तुकडी किती मोठी घ्यायची ते ठरायला हवं. इथे ते दोन आकडे कधी एका कागदावर आलेच नाहीत.

अभ्यासक्रमासाठी इराकी न्यायाधीश आणि जुने पोलीस अधिकारी सुरुवातीपासून बसवायचे, एवढी साधी गोष्ट तर जॉर्डनमध्येही जमली असती. भाषेचा अर्धा तास त्यातच वाचला असता.

यातला एक धडा पुढे गिरवला गेला, तोही त्याच माळावर. २००८ पासून मुवक्करला वेस्ट बँकमधले पॅलेस्टिनी सुरक्षा सैनिक शिकायला येऊ लागले. पुन्हा दुसऱ्याच्या लष्करी ताब्यातला प्रदेश, पुन्हा जॉर्डन, पुन्हा अमेरिकी पैसा. या वेळी साधारण पाचशेची अख्खी बटालियन आपल्या अधिकाऱ्यांसह यायची, चार महिने राहायची आणि एकत्रच परतायची. २००८ च्या उन्हाळ्यात अशी पथकं जेनिनमध्ये उतरली आणि शहराच्या रस्त्यांवर फरक दिसला. निवडीचा प्रश्न मात्र नव्या रूपात आला. उमेदवारांची यादी इस्रायलकडूनही तपासली जायची, आणि गावात परतल्यावर लोक या पोरांना अमेरिकी जनरलच्या नावाने ‘डेटनचे सैनिक’ म्हणून हाक मारत.